नोटिसेबल, कन्स्पिक्युअस, प्रॉमिनंट, स्ट्रायकिंग: नजर नेमकी कशामुळे गेली?

प्रश्न थोडक्यात असा: इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडला की ‘नोटिसेबल’, ‘कन्स्पिक्युअस’, ‘प्रॉमिनंट’, ‘स्ट्रायकिंग’, ‘रिमार्केबल’ या सगळ्यांपुढे फिरून फिरून ‘लक्षणीय, ठळक, लक्षवेधी, नजरेत भरणारा’ हेच प्रतिशब्द येतात. मग यांच्यात फरक काय, आणि लिहिताना कोणता कुठे घ्यायचा?

फरक आहे, पण तो कमी-जास्तीचा नाही. अनेकांची समजूत अशी असते की हे शब्द म्हणजे एका शिडीच्या पायऱ्या: खाली ‘नोटिसेबल’, मग ‘प्रॉमिनंट’, सगळ्यांत वर ‘स्ट्रायकिंग’. त्यामुळे वाक्यात जोर हवा असला की वरच्या पायरीवरचा शब्द उचलला जातो आणि वाक्य बिघडतं. खरं तर यातला प्रत्येक शब्द एकाच प्रश्नाचं वेगळं उत्तर देतो: नजर तिकडे का गेली? वस्तू पुढे आलेली होती म्हणून? आजूबाजूच्या गोष्टींशी जुळत नव्हती म्हणून? की पाहणाऱ्याच्या मनाला धक्का बसला म्हणून? कारण ओळखलं की शब्द आपोआप सापडतो.

पक्ष्यांचं उदाहरण घेऊ. डबक्याकाठी बसलेली ढोकरी, म्हणजे वंचक, मातकट रेघांच्या अंगामुळे चिखलात अशी मिसळून जाते की अगदी जवळ जाईपर्यंत ती आहे हे कळत नाही. अशा पक्ष्याला इंग्रजीत ‘इनकन्स्पिक्युअस’ म्हणतात. ती उडाली की पांढरेशुभ्र पंख उघडतात आणि चिखलाच्या पार्श्वभूमीवर लांबूनही दिसतात; आता ते ‘कन्स्पिक्युअस’. शिपाई बुलबुलाचा तुरा मात्र ‘प्रॉमिनंट’. तो डोक्यावरून वर आलेला आहे आणि पक्षी कुठल्याही फांदीवर बसला तरी वर आलेलाच राहणार. तुऱ्याचं प्रॉमिनंट असणं तुऱ्याच्याच घडणीत आहे. पंखांचं कन्स्पिक्युअस असणं पंख आणि परिसर या दोघांत मिळून आहे. हीच ढोकरी पांढऱ्या बगळ्यांच्या थव्यातून उडाली, तर तिचे पंख पांढरेच राहतील, पण कन्स्पिक्युअस राहणार नाहीत.

व्युत्पत्तीही हेच सांगते. ‘प्रॉमिनंट’च्या मुळाशी लॅटिनमधली ‘पुढे येणे, बाहेर डोकावणे’ या अर्थाची क्रिया आहे. म्हणून पुढे आलेले दात, वर आलेली गालाची हाडं, समुद्रात घुसलेला कडा हे सगळं प्रॉमिनंट. समाजात पुढे असलेला माणूसही त्याच न्यायाने प्रॉमिनंट. गिर्यारोहक शिखराचं ‘प्रॉमिनन्स’ मोजतात तेव्हा शिखर समुद्रसपाटीपासून किती उंच हे पाहत नाहीत. अधिक उंच शिखराकडे जाताना मध्ये जी सर्वांत कमी खोल उतरणारी खिंड लागते, तिच्यापासून आपलं शिखर किती वर आलंय हे मोजतात. उंच पण शेजाऱ्याच्या खांद्याला चिकटलेल्या शिखराचं प्रॉमिनन्स म्हणूनच थोडं भरतं. ‘कन्स्पिक्युअस’च्या मुळाशी ‘पाहणे’ ही क्रिया आहे. तिथे वस्तूच्या आकाराबरोबर बघणारा डोळा आधीपासूनच हजर आहे.

हा फरक काटेकोर पाळला जातो तो कायद्याच्या भाषेत. आवेष्टित वस्तूंच्या 2011 च्या नियमांत पाकिटावरच्या मजकुराबद्दल दोन वेगळ्या अटी आहेत. पहिली अट अशी की मजकूर ‘लेजिबल ॲण्ड प्रॉमिनंट’ हवा, म्हणजे वाचता येण्याजोगा आणि ठळक जागी. दुसरी अट किंमत आणि वजनाच्या आकड्यांसाठी आहे: त्यांचा रंग लेबलच्या पार्श्वभूमीशी ‘कन्स्पिक्युअसली’ विरोधी हवा. जागा आणि आकार यांचा मुद्दा आला तिथे प्रॉमिनंट, पार्श्वभूमीचा आला तिथे कन्स्पिक्युअस. किंमत मोठ्या अक्षरांत पण चंदेरी कागदावर राखाडी शाईने छापली, तर पहिली अट पाळून दुसरी मोडता येते. बाजारात अशी पाकिटं शोधायला फार लांब जावं लागत नाही.

कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 108 मध्ये सूचना प्रवेशद्वाराशी किंवा त्याच्या जवळ ‘कन्स्पिक्युअस ॲण्ड कन्व्हीनियंट’ जागी लावाव्यात असं म्हटलं होतं. समन्स घ्यायला घरात कोणी नसेल तर ते बाहेरच्या दारावर किंवा घराच्या एखाद्या ‘कन्स्पिक्युअस’ भागावर डकवावं, असं दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते. कचेरीच्या मराठीत याला नेमका शब्द आहे: दर्शनी भाग, दर्शनी जागा. भाषांतर करताना इथे ‘लक्षणीय जागी’ लिहू नये. ते हास्यास्पद होतं. अमेरिकेच्या व्यापारी संहितेत तर ‘कन्स्पिक्युअस’ची व्याख्याच दिलेली आहे. ज्याच्यावर अट लागू होणार त्या समंजस माणसाच्या ती ध्यानात यायलाच हवी होती, अशा रीतीने लिहिलेली किंवा मांडलेली अट म्हणजे कन्स्पिक्युअस अट. ‘दिसली नाही’ ही सबब चालणार नाही, हा या शब्दाचा कायद्यातला गाभा आहे.

माणसाला लावला की ‘कन्स्पिक्युअस’ची चव पालटते. सगळे टी-शर्टात आलेत आणि आपण एकटेच शेरवानीत, अशा वेळी इंग्रजीत ‘आय फेल्ट कन्स्पिक्युअस’ म्हणतात. सगळ्यांच्या नजरा आपल्यावर आहेत आणि ते नकोसं वाटतंय, असा अर्थ. आपल्याकडे ‘डोळ्यांवर येणं’ म्हणतात त्याच्या हे अगदी जवळ आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टाइन व्हेब्लेनने 1899 मध्ये रूढ केलेला ‘कन्स्पिक्युअस कन्झम्प्शन’ हा शब्दप्रयोगही त्याच वळणाचा: गरजेसाठी नव्हे, लोकांच्या डोळ्यांवर यावं म्हणून केलेला खर्च. लग्नात ड्रोनने फुलं उधळणं याहून चांगलं उदाहरण शोधायची गरज नाही.

मग हा शब्द वाईटच का? नाही. परमवीर चक्राच्या निकषात ‘मोस्ट कन्स्पिक्युअस ब्रेव्हरी’ असे शब्द आहेत. त्याआधी व्हिक्टोरिया क्रॉसच्या बाबतीतही हेच शब्द होते. मूळचे कारवारजवळचे, लष्कराच्या बॉम्बे सॅपर्स या अभियंता दलातले रामा राघोबा राणे यांना एप्रिल 1948 मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर शत्रूच्या माऱ्यात सुरुंग आणि अडथळे काढल्याबद्दल परमवीर चक्र मिळालं. लढाईत सगळेच शूर असतात, त्या शूरांच्या गर्दीतही वेगळं दिसणारं शौर्य असा इथे अर्थ आहे. म्हणजे पार्श्वभूमी इथेही आहेच. ती इतर सैनिकांच्या शौर्याची आहे. मात्र हा मान शौर्यापुरता. ‘ही इज अ कन्स्पिक्युअस सायंटिस्ट’ असं लिहिलंत तर वाचणारा समजेल की हा शास्त्रज्ञ बहुधा लाल कोट घालून हिंडतो.

‘कन्स्पिक्युअस बाय इट्स ॲबसन्स’ हा प्रयोग मराठी लेखक इंग्रजीत फार आवडीने करतात, पण पुष्कळदा चुकीच्या जागी. तो रूढ झाला ब्रिटिश राजकारणी लॉर्ड जॉन रसेल यांच्या 1859 च्या निवडणूक-निवेदनातून, आणि त्यांनी तो घेतला रोमन इतिहासकार टॅसिटसकडून. इसवी सन 22 मध्ये ज्यूनिया या रोमन स्त्रीची अंत्ययात्रा निघाली. ती ब्रूटसची बहीण आणि कॅशियसची विधवा. यात्रेत 20 थोर घराण्यांच्या पूर्वजांचे मुखवटे होते. पण सीझरचे मारेकरी म्हणून ब्रूटस आणि कॅशियस यांचे मुखवटे नव्हते, आणि नेमके नसल्यामुळेच ते दोघं अधिक झळकले, असं टॅसिटस लिहितो. म्हणजे ज्याची जागा तिथे ठरलेली आहे, त्याचंच न असणं कन्स्पिक्युअस होऊ शकतं. सत्कारसमारंभात खुद्द सत्कारमूर्तीच नसणं हे कन्स्पिक्युअस. ज्यांना बोलावणंच नव्हतं, त्यांचं न येणं नुसतंच न येणं.

आता ‘नोटिसेबल’. हा या कुटुंबातला सगळ्यांत गरीब स्वभावाचा शब्द. तो एवढंच सांगतो की फरक ध्यानात येण्याच्या उंबरठ्यापलीकडे गेलाय. किती पलीकडे, ते तो सांगत नाही. मानसशास्त्रात ‘जस्ट नोटिसेबल डिफरन्स’ ही संज्ञा यासाठीच आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत वेबर आणि त्याच्यामागून फेश्नर यांनी दाखवलं की हा उंबरठा मूळ वजनाच्या प्रमाणात सरकतो. हातात 50 ग्रॅमचं वजन असताना आणखी 10 ग्रॅम ठेवले तर लगेच कळतं, 1 किलोवर तेच 10 ग्रॅम ठेवले तर पत्ता लागत नाही. पहिला बदल नोटिसेबल, दुसरा नाही.

हा उंबरठ्याचा स्वभाव ओळखायची सोपी कसोटी म्हणजे आधी ‘बेअरली’, म्हणजे ‘जेमतेम’, लावून बघणं. ‘बेअरली नोटिसेबल’, ‘बेअरली पर्सेप्टिबल’, ‘बेअरली व्हिजिबल’ हे सहज चालतात. ‘बेअरली कन्स्पिक्युअस’ कानाला खटकतं आणि ‘बेअरली स्ट्रायकिंग’ला काही अर्थच उरत नाही, कारण जेमतेम बसलेला धक्का हा धक्काच नसतो. म्हणूनच भिंतीवरचा डाग धुतल्यावर राहिलेली पुसट खूण ‘स्टिल नोटिसेबल’ असते, आणि डाग काढायच्या द्रव्याच्या बाटलीवर ‘आधी इनकन्स्पिक्युअस एरियावर वापरून बघा’ असं लिहिलेलं असतं. तिथे ‘अननोटिसेबल’ असं छापत नाहीत. कापडाची आतली दुमड किंवा सोफ्याची मागची बाजू डोळ्यांना दिसत नाही असं नाही. तिकडे सहसा कोणाची नजर जात नाही, एवढंच.

बोलण्याच्या ढबीवरून ही छटा चांगली कळते. कुणाच्या इंग्रजीत मराठी हेल ‘नोटिसेबल’ असेल, तर कान देऊन ऐकणाऱ्याला तो कळतो. ‘डिस्टिंक्ट’ म्हणजे दुसऱ्या कशाशी गल्लत होणार नाही इतका स्पष्ट. ‘प्रोनाउन्स्ड’ म्हणजे चांगलाच जोरकस, पहिल्या वाक्यापासून कानावर आदळणारा. ‘डिस्टिंक्टिव्ह’ मात्र स्पष्टपणाबद्दल नाहीच, तो ओळखीबद्दल आहे: या माणसाचा म्हणून जो हेल ओळखता येतो तो. स्वयंपाकघरात गॅसचा ‘डिस्टिंक्ट’ वास आला तर शेगडी बघायला धावावं लागतं. हापूसचा वास ‘डिस्टिंक्टिव्ह’ असतो; पेटी न उघडता आत काय आहे ते कळतं.

सगळ्यांत जास्त घोटाळा ‘लक्षणीय सुधारणा’ या जोडीने होतो. मराठी बातम्यांनी आणि अहवालांनी या ‘लक्षणीय’ला इतकं राबवलंय की त्यात आता नेमकेपणा उरलेला नाही. त्याचं इंग्रजी करताना आधी विचारावं की सुधारणा कुणाला आणि कशी कळली. पाहणाऱ्याला नुसती कळण्याइतकी असेल, तर ‘नोटिसेबल’. आधीच्या आणि नंतरच्या स्थितीत सरळ रेघ मारता येईल इतका फरक असेल, तर ‘मार्क्ड’. दखल घ्यावी एवढी असेल, तर ‘ॲप्रीशिएबल’; याचा ‘ॲप्रीशिएट’ करण्याशी, म्हणजे कौतुकाशी, काही संबंध नाही. ‘ॲप्रीशिएबल लॉस’ होऊ शकतो आणि त्याचं कौतुक कोणी करत नाही. अपेक्षेच्या पलीकडची, बघून नवल वाटावं अशी सुधारणा असेल तरच ‘रिमार्केबल’. आणि ‘सिग्निफिकंट’ शोधनिबंधात तर हात राखूनच वापरावा, कारण तिथे वाचणारा विचारतो की संख्याशास्त्रीय कसोटी लावली का. त्या कसोटीचं ‘पी-मूल्य’ 0.05 या रूढ मर्यादेच्या खाली आलेलं नसताना केवळ आकडे वाढलेले दिसतात म्हणून ‘सिग्निफिकंट’ लिहिलं की परीक्षक हमखास पेनने गोल करतात. अशा ठिकाणी ‘नोटिसेबल’ किंवा ‘अपवर्ड’ लिहून मोकळं व्हावं.

जाता जाता, ‘दखलपात्र’ या मराठी शब्दाने फसू नका. ‘दखलपात्र गुन्हा’ म्हणजे ‘कॉग्निझेबल ऑफेन्स’: वॉरंटशिवाय अटक करता येईल असा. त्याला ‘नोटिसेबल’ करणारी भाषांतरं यंत्राने केलेली असतात. विधिमंडळातली ‘लक्षवेधी सूचना’सुद्धा ‘कॉलिंग अटेन्शन’ असते; ती स्ट्रायकिंग नसते, कधीमधी असली तर गोष्ट वेगळी.

या शब्दांपायी सर्वसामान्य माणसाची झोप उडते ती तपासण्यांच्या अहवालांमुळे. सोनोग्राफीच्या कागदावर ‘लिव्हर: अनरिमार्केबल’ असं दिसलं की काही जण घाबरतात, काहींना तो कमीपणा वाटतो. त्याचा अर्थ एवढाच की यकृताबद्दल वेगळं सांगावं असं काही दिसलं नाही, म्हणजे ते नेहमीसारखं आहे. रोजच्या इंग्रजीत एखाद्याच्या लेखनाला ‘अनरिमार्केबल’ म्हटलं तर ती नापसंती असते. वैद्यकीय कागदावर याहून चांगली बातमी नाही. ‘ग्रॉसली अनरिमार्केबल’ आलं तर त्यातला ‘ग्रॉसली’ म्हणजे ‘ढोबळ मानाने पाहता’, घाणेरडं नव्हे.

‘प्रॉमिनंट’ तिथे वेगळ्या कामाला लागतो. छातीच्या एक्स-रेच्या अहवालात ‘प्रॉमिनंट ब्रॉन्कोव्हॅस्क्युलर मार्किंग्ज’ हा शब्दप्रयोग पुष्कळदा आढळतो: फुप्फुसांतल्या श्वासनलिका आणि रक्तवाहिन्यांच्या रेघा नेहमीपेक्षा ठसठशीत दिसताहेत. हे वर्णन आहे, निदान नव्हे. रेडिओलॉजिस्ट जे दिसलं ते सांगतो आणि त्याचा अर्थ लावायचं काम रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरवर सोडतो. त्याच जागी ‘मार्क्ड’ आला तर मात्र तो श्रेणी सांगतो: ‘माइल्ड’, ‘मॉडरेट’ आणि मग ‘मार्क्ड’. म्हणजे वैद्यकीय कागदावर प्रॉमिनंटपेक्षा मार्क्ड जास्त वजनाचा. वर्तमानपत्री इंग्रजीत नेमकं उलट वाटतं, कारण तिथे प्रॉमिनंटचा गाजावाजा मोठा. अहवालाचं मराठी करून देताना ‘प्रॉमिनंट’ला ‘ठळक’ म्हणावं, ‘वाढलेले’ म्हणू नये. वाढलेले म्हटलं की निदान झालंच असं घरच्यांना वाटतं.

‘स्ट्रायकिंग’मध्ये आघात आहे. तो वस्तूचा गुण सांगताना पाहणाऱ्याचा क्षण सांगतो. चौकातला दुकानाचा फलक 20 वर्षं प्रॉमिनंट असू शकतो. रोज त्याखालून जाणाऱ्याला तो दुसऱ्या आठवड्यानंतर स्ट्रायकिंग राहत नाही. रायगडाच्या बाजूने पहिल्यांदा लिंगाण्याचा सुळका दिसतो तेव्हा तो स्ट्रायकिंग असतो, पायथ्याच्या गावातल्या माणसाला तो नुसता लिंगाणा असतो. म्हणून हा शब्द साम्य, विरोध, उदाहरण, दृश्य यांच्याशी चांगला बसतो: ‘स्ट्रायकिंग रिझेम्ब्लन्स’, ‘स्ट्रायकिंग कॉन्ट्रास्ट’. माणसाच्या रूपाबद्दल तो ‘ब्यूटिफुल’चा पर्याय नाही. धारदार नाक, पांढरा होत आलेला एकच केसांचा झुपका, अंगावर येणारी उंची, असं काही तरी नजर खिळवतं तेव्हा तो येतो. गोडवा सांगायचा असेल तर दुसरा शब्द घ्यावा. मथळे लिहिणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट सांभाळावी: 18 जानेवारी 1982 पासून संपावर गेलेले मुंबईचे गिरणी कामगार इंग्रजीत ‘स्ट्रायकिंग मिल वर्कर्स’ होते, आणि त्याचं ‘लक्षवेधी कामगार’ करणं केवळ विनोदी नाही, इतिहासाची चेष्टा आहे.

‘रिमार्केबल’ आणि ‘नोटेबल’ डोळ्याचे शब्द नाहीत, मताचे आहेत. ‘नोटेबल’ म्हणजे टिपून ठेवावं असं, ‘रिमार्केबल’ म्हणजे त्यावर बोलावं असं. दुसऱ्यात नवल असतं, पहिल्यात नसतं. दोन्हींत स्तुती असतेच असं नाही. ‘रिमार्केबल स्टुपिडिटी’ हे उत्तम इंग्रजी आहे. ‘आउटस्टँडिंग’ मात्र स्तुतीचाच, आणि सरकारी गोपनीय अहवालात ‘अत्युत्कृष्ट’ असतं त्या जातीचा. तोच शब्द बँकेच्या पत्रात आला की थकबाकी. ‘युअर आउटस्टँडिंग बॅलन्स’ वाचून कोणी हुरळून जाऊ नये.

माणसांबद्दलच्या शब्दांत घसरगुंडी जास्त. ‘प्रॉमिनंट’ निःपक्ष आहे: प्रॉमिनंट डॉक्टर असतो तसा टोळीयुद्धातला प्रॉमिनंट गुंडही असतो. ‘एमिनंट’ फक्त विद्वत्ता, कर्तृत्व आणि आदर यांच्यासाठी, त्यामुळे ‘एमिनंट गुंड’ होत नाही. ‘नोटेड’ म्हणजे अमुक गोष्टीसाठी प्रसिद्ध, आणि ‘नोटोरियस’ म्हणजे त्याच रीतीने कुप्रसिद्ध. ‘नोटोरियस फॉर हिज पंक्च्युॲलिटी’ हे गमतीत चालेल, सत्काराच्या मानपत्रात नाही. ‘एमिनंट डेंजर’ ही चूक तर छापील मजकुरातही आढळते. हवा असतो ‘इमिनंट’, म्हणजे डोक्यावर येऊन ठेपलेला. दोन्ही शब्द प्रॉमिनंटचेच लॅटिन भाऊ: एक वर आलेला, एक वरून लटकणारा.

‘सेलियंट’ हा उडी मारणारा शब्द. लॅटिनमध्ये त्याचं मूळ ‘उडी मारणे’ हेच आहे. पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्र शहराभोवती दोस्त राष्ट्रांची आघाडी शत्रूच्या रेषेत फुगून आत घुसली होती, त्या फुगवट्याला ‘ईप्र सेलियंट’ म्हणत. रोजच्या वापरात तो मुद्दे आणि वैशिष्ट्ये यांनाच लागतो, माणसाला किंवा इमारतीला नाही. प्रॉमिनंटशी त्याची तुलना छापील जाहिरातीवर करून बघा. वरच्या अर्ध्या पानात ‘पन्नास टक्के सूट’ हे प्रॉमिनंट. तळाशी मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत ‘निवडक वस्तूंवर, साठा असेपर्यंत’ हे सेलियंट, कारण तुमच्या खिशाच्या दृष्टीने महत्त्वाचं तेच. जे महत्त्वाचं ते ठळक जागी असेलच असं नाही, म्हणूनच दोन शब्द लागतात. ‘सेलियंट फीचर्स’साठी मराठीत ‘ठळक वैशिष्ट्ये’ रूढ आहे आणि चालतंही, फक्त त्या यादीत 27 कलमं घालू नयेत.

वाईट गोष्टी डोळ्यांवर येतात तेव्हा इंग्रजीत वेगळे शब्द लागतात, आणि इथे मराठी मुळीच मागे नाही. ‘ग्लेअरिंग’ म्हणजे ढळढळीत: ढळढळीत चूक, ढळढळीत त्रुटी. डोळे दिपवणाऱ्या उजेडाचा तो शब्द. ‘ब्लेटंट’ म्हणजे धडधडीत: धडधडीत खोटं, लपवायचा प्रयत्नही न करता. ‘फ्लेग्रंट’ म्हणजे राजरोस: नियमाचं, कायद्याचं राजरोस उल्लंघन. त्याच्या मुळाशी ‘जळणे’ आहे, आणि ‘रंगेहाथ पकडणे’ यासाठीची लॅटिन संज्ञा त्याच धातूतून आली आहे. चूक नकळत झालेली असेल तर ती ग्लेअरिंग असू शकते, ब्लेटंट नाही, कारण ब्लेटंटमध्ये निर्लज्जपणा गृहीत आहे. सहकाऱ्याच्या मसुद्यातल्या जोडाक्षराच्या चुकीला ‘ब्लेटंट मिस्टेक’ म्हणणं हा म्हणूनच विनाकारण केलेला आरोप ठरतो. ‘इग्रीजस’चा प्रवास सगळ्यांत गमतीचा. लॅटिनमध्ये अर्थ ‘कळपातून वेगळा’, म्हणून सोळाव्या शतकात तो गौरवाचाही होता. आज तो फक्त घोर अपराधासाठी उरलाय.

कपडे आणि सजावट यांच्यासाठी ‘गॉडी’, ‘गॅरिश’, ‘फ्लॅशी’ म्हणजे आपले भडक, बटबटीत, झगमगीत. आणि ‘ऑस्टेन्टेशस’ म्हणजे दिखाऊ. पहिले तीन वस्तूवर टीका करतात, चौथा ती दाखवणाऱ्यावर. एवढं पुरे.

‘अपॅरंट’ हा या वस्तीतला दुटप्पी. क्रियापदानंतर आला की ‘स्पष्ट’, नामाआधी आला की बहुधा ‘वरवर दिसणारा’. ‘द रीझन इज अपॅरंट’ म्हणजे कारण उघड आहे. ‘द अपॅरंट रीझन’ म्हणजे सकृत्दर्शनी कारण, खरं कदाचित वेगळं. खगोलशास्त्रात ताऱ्याची ‘अपॅरंट मॅग्निट्यूड’ म्हणजे पृथ्वीवरून जितका तेजस्वी दिसतो तितकी प्रत, त्याचं स्वतःचं तेज नव्हे. शंका आली तर ‘ऑब्व्हियस’ किंवा ‘एव्हिडंट’ घ्यावा. ‘ऑब्व्हियस’ला पुरावा लागत नाही. ‘एव्हिडंट’ म्हणताना समोर खुणा असाव्या लागतात.

लिहिताना नडणाऱ्या काही बारीक गोष्टी. ‘नोटिसेबल’च्या स्पेलिंगात ‘सी’नंतरचा ‘ई’ ठेवायचा. तो गाळला तर नियमाने उच्चार ‘नोटिकेबल’ होईल. ‘कन्स्पिक्युअस’चा आघात दुसऱ्या अक्षरावर, ‘स्पि’वर. ‘मार्क्ड’ उच्चारताना एकच अक्षर, पण क्रियाविशेषण झालं की तीन: ‘मार्-किड-ली’. आणि ‘नोटेबली’ हे ‘नोटिसेबली’चं लाडकं रूप नाही. ‘प्राइसेस रोज नोटिसेबली’ म्हणजे भाव कळण्याइतके वाढले. ‘सेव्हरल व्हेजिटेबल्स, नोटेबली ओनियन्स’ म्हणजे अनेक भाज्या, त्यातही विशेषतः कांदा. ‘ओनियन प्राइसेस रोज नोटेबली’ असं लिहिलं तर काही वाचणारे अर्थ लावून घेतील, पण काळजीपूर्वक संपादन करणारा तिथे ‘आय’, ‘सी’ आणि ‘ई’ परत आणून बसवेल.